रस्त्याकडेचं टेकाड आणि शिशाच्या २९ गोळ्या

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात, लेक्सिंग्टन आणि लिंकन या गावांच्या शिवेवर, २ए क्रमांकाच्या रस्त्यालगत एक खडकाळ टेकाड आहे. बॉस्टनला आलेले पाहुणे लेक्सिंग्टनच्या पुतळ्यापाशी फोटो काढून परततात. खरं तर त्यांनी थोडं पुढे जाऊन हे टेकाड पाहावं.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्याच दिवशी, १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे, लेक्सिंग्टनच्या मैदानात गावच्या तुकडीचा कॅप्टन जॉन पार्कर याची ७७ माणसं ब्रिटिश पलटणीसमोर उभी राहिली. गावकऱ्यांपैकी आठ जण मारले गेले, दहा जखमी झाले. पलटण तिथून पुढच्या कॉन्कॉर्ड गावी गेली आणि परतू लागली, तेव्हा पार्कर उरलेल्या गावकऱ्यांना घेऊन या टेकाडावर दबा धरून बसला होता. चकमकीला नावच पडलं ‘पार्करचा सूड’. सोळा ते साठ वयाच्या पुरुषांनी कवायतीला यायचं, बंदूक आणि दारूगोळा स्वतःचा ठेवायचा, हा तिथला वसाहतीचा कायदा. पगारी सैनिक यात कुणी नव्हता. पार्कर तर क्षयाने खंगलेला होता, त्याच सप्टेंबरात तो गेला.

चकमकीची लेखी नोंद अगदी त्रोटक आहे. नेमकं कोण कुठे उभं होतं, ते जमिनीनेच सांगितलं. पुरातत्त्वज्ञांना इथे शिशाच्या २९ गोळ्या मिळाल्या.

अशा जागी काम कसं चालतं? दोऱ्या लावून पट्टे आखायचे. मेटल डिटेक्टर एकदा उभा फिरवायचा, मग त्याच जागी आडवा, कारण एका दिशेने निसटलेला आवाज दुसऱ्या दिशेने सापडतो. आवाज आला की झेंडी रोवायची, जागा मोजून नकाशावर घ्यायची आणि मगच खणायचं. खिळे, तारा, बाटल्यांची झाकणं हेच जास्त निघतं, कारण मधल्या काळात इथे घरं होती, भराव पडला होता.

गोळी हातात आली की पुसायची नाही. तिच्यावरचा पांढरट थर म्हणजे शिशाचा गंज. तो खरवडला की खाली राहिलेल्या खुणाही जातात. साच्याची शिवण आणि ओतताना राहिलेला देठ शाबूत असेल, तर गोळी बहुधा नुसती हातातून पडलेली. चपटी झालेली गोळी झाडलेली. दातांच्या खुणा दिसल्या तर वेदना सोसायला गोळी चावणाऱ्या जखमी शिपायाची कथा रचायची घाई नको. अनेकदा ते दात डुकराचे असतात.

चपट्या गोळीचा व्यास कसा काढणार? वजनावरून. ग्रॅममधल्या वजनाचं घनमूळ काढून त्याला ५.६७ ने गुणलं की मूळ व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. तीस ग्रॅमची गोळी म्हणजे साधारण १७.६ मिलिमीटर. ब्रिटिशांच्या ठासणीच्या बंदुकीची नळी १९ मिलिमीटरची, तिला हीच गोळी बसते. गावकऱ्यांच्या शिकारी बंदुका नाना मापांच्या, त्यांच्या गोळ्या बहुधा लहान. पण काही गावकऱ्यांकडेही ब्रिटिश बनावटीच्या बंदुका होत्या. म्हणून एकट्या मापावर निकाल देता येत नाही. झाडलेल्या गोळ्या उतारावर कुठे पडल्या, हातातून पडलेल्या कुठे आहेत, हे नकाशावर मांडलं की दोन्ही बाजू उभ्या राहतात. गोळी जागेवरून हलली की हा हिशेब कायमचा बिघडतो.

जागा पाहायची असेल तर मिनिट मॅन राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाच्या लिंकनकडच्या माहिती केंद्रापाशी गाडी लावा. तिथून पायवाटेने टेकाड जवळच आहे. १७७५ साली इथे मोकळी शेतं आणि दगडी कुंपणं होती, आज बरीच झाडी आहे. पलटणीला किती दूरचं दिसत असेल याचा अंदाज बांधताना हे विसरू नका. लांब विजार घाला, विजारीचे पाय मोज्यात खोचा, परतल्यावर अंगावर गोचीड तपासा. इथल्या गोचिडांमुळे लाइम रोग होतो. मेटल डिटेक्टर मात्र घरीच ठेवा, उद्यानात तो चालवणं गुन्हा आहे. वाटेत गोळी दिसलीच, तर तिला हात न लावता जागेचा फोटो घ्या आणि रेंजरला कळवा.