खोली मिळेल का?

श्रोतेहो, नमस्कार.

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत आफ्रिकन युनियनला कायमचं सदस्यत्व मिळालं. पंचावन्न देशांच्या या संघाला भारतानं आपल्या यजमानपदाखाली मानानं आत घेतलं. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण तेव्हा मला आठवला तो आमच्या गल्लीत खोली शोधत फिरणारा सुदानी मुलगा.

जोसेफ नाय या अमेरिकी अभ्यासकानं १९९० च्या सुमारास ‘सॉफ्ट पॉवर’ हा शब्द रूढ केला. धाक नाही, पैशाचं आमिष नाही. दुसऱ्याला आपण आपलेसे वाटावं, ही ती ताकद. आपल्यासारख्या देशांकडे ती आहे. १९६४ पासून ‘आयटेक’ योजनेतून आपण आशिया-आफ्रिकेतल्या लोकांना प्रशिक्षण देतो. अफगाणिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झालेले हमीद करझाई शिकले सिमल्याला.

आणि आपलं पुणं! डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक होते. वसतिगृहाच्या खिडकीतून एक मुलगी आतल्या मुलाला काहीतरी देताना त्यांना दिसली. चौकशी केली, तर तो मुलगा मॉरिशसचा, काविळीनं अंथरुणाला खिळलेला. ती त्याला जेवण आणून देत होती. परक्या मुलुखात आजारी पडलेल्या पोराचं कोण करणार, हा विचार त्यांच्या मनातून जाईना. त्यातूनच १९७१ मध्ये ‘सिंबायोसिस’ ही शिक्षणसंस्था उभी राहिली. एका डब्यापासून सुरू झालेलं हे काम आज जगभर ओळखलं जातं.

आमच्या गल्लीतल्या त्या मुलाला मात्र तीन घरांतून नकार मिळाला. पहिल्या घरी फोनवर होकार होता. चेहरा बघितल्यावर खोली “आत्ताच गेली”. पाटी मात्र महिनाभर तशीच लटकत होती. तो रोज त्याच पाटीखालून कॉलेजला जायचा.

चीन आफ्रिकेत रस्ते, रेल्वे बांधतो. तेवढा पैसा आपण ओतू शकत नाही. आपल्याकडे आहेत ती इथे येऊन चार वर्षं राहणारी मुलं. उद्या त्यांच्यातलंच कुणी मंत्री होईल, कुणी संपादक. भारत म्हटल्यावर त्यांना आपलं परराष्ट्र धोरण आठवणार नाही, घरमालकीणबाई आठवतील.

जूनमध्ये पुन्हा खोल्यांची शोधाशोध सुरू होईल. तुमच्या दारावर पाटी असेल आणि असा एखादा मुलगा आला, तर आधी त्याला आत बोलवा. बसायला सांगा, पाणी द्या. भाड्याचं मग बोलू.