बारा टेक आहेत, ठेवायचा कुठला?

तर आज आपण रेकॉर्डिंग संपल्यानंतरचं बोलूया. एकाच अंतऱ्याचे बारा टेक, म्हणजे तोच अंतरा बारा वेळा गाऊन केलेली रेकॉर्डिंग, एकाखाली एक पडलेत, सगळे बरे आहेत आणि नेमका कुठला ठेवायचा तेच सुचत नाही, ही वेळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांवर आली असणार.

मला विचाराल तर निवड गाणं चालू असतानाच सुरू करायची. शब्दांचा कागद समोर ठेवा, आणि गायक गातोय तसं प्रत्येक ओळीपुढे टेकचा नंबर टाकून आवडली तर बरोबरची खूण, सूर हलला तर फुली, एवढंच करत जा. अंगावर काटा आला ना, तर त्याच क्षणी लिहा, कारण दुसऱ्या दिवशी तेच बारा टेक लागोपाठ ऐकलेत की सगळे सारखे वाटायला लागतात.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचं फार अवघड नाही. लूपवर, म्हणजे तोच भाग पुन्हा पुन्हा फिरवत रेकॉर्ड केलं की लॉजिकमध्ये टेक फोल्डर होतो, प्रो टूल्समध्ये त्याच कामाला प्लेलिस्ट आहेत, एबलटन लाइव्हमध्ये 2021 च्या 11 व्या व्हर्जनपासून टेक लेन आल्या. नावं वेगळी, पण खाली मूळ टेक जसेच्या तसे राहतात आणि वर तुम्ही निवडलेल्या तुकड्यांचा एक सलग टेक तयार होतो, त्याला कॉम्प म्हणतात. टेपच्या काळात ब्लेडने तिरका काप देऊन तुकडे चिकटवायचे, तिथे प्रत्येक कापाचा आधी विचार व्हायचा. आता मूळ फाइलला धक्काच लागत नाही, मग लोक एकेक शब्द वेगळ्या टेकमधून उचलत बसतात आणि गाणं निर्जीव होतं, हे मला खरंच खटकतं. आधी पूर्ण गाणं ज्यात नीट सांगितलं गेलंय असा एक टेक पाया म्हणून धरा आणि जिथे कानाला टोचतं तेवढंच बदला.

तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या बरं का, कारण जरासा मोठा वाजणारा टेक उगाचच चांगला वाटतो. आणि ऐकताना स्क्रीनकडे बघू नका.

आता जोड. माझ्याकडे एका गाण्यात चौथ्या टेकची अर्धी ओळ आणि नवव्याची अर्धी जोडलेली होती, सूर लय सगळं जुळत होतं तरी मधेच कोणीतरी मागे सरकल्यासारखं वाटायचं, क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा विरत असताना दुसरा हळूच वर येतो ती जोड, लांबवून बघितला, उपयोग नाही. शेवटी कळलं की नवव्या टेकला गायिका माइकपासून वीतभर लांब उभी होती. मग पूर्ण ओळच नवव्यातून घेतली आणि प्रश्न मिटला. जोड शक्यतो ओळ संपून श्वास सुरू व्हायच्या आधी द्या, म्हणजे श्वास पुढच्या ओळीबरोबरच येतो. शब्दाच्या मधे कापायचंच असेल तर 'स', 'त' अशा व्यंजनाच्या तोंडाशी कापा, लांबवलेल्या स्वरात नको. तिथे दहाएक मिलिसेकंदाचा क्रॉसफेड बहुतेक वेळा पुरतो, नाहीतर टक् असा आवाज येतो.

मगाशी कोणीतरी विचारलं, उरलेले टेक डिलीट करायचे का. नका करू. कॉम्पची सलग फाइल करून मिक्सला, म्हणजे सगळे आवाज आणि वाद्यं एकत्र बसवायला द्या, बाकीचे टेक लपवून ठेवा, कारण मिक्स करणारा पंधरा दिवसांनी फोन करून विचारतो की त्या तिसऱ्या ओळीला दुसरं काही आहे का.