आईची दारू: दवाखान्याचं काम कोणतं, घराचं कोणतं

नमस्कार, श्रोतेहो.

बाई पिते हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक असतं, दवाखान्यात मात्र कुणी तोंड उघडत नाही. नवरा पीत असेल तर बायको निदान बचत गटात चार शब्द बोलते. आई प्यायला लागली की अख्खं घर दार लोटून घेतं. आपल्या राज्यात गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्याचं कौतुक झालं आणि व्हायलाच हवं होतं. पण जिच्या स्वतःच्या धान्याच्या कोठीत बाटली दडवलेली आहे, ती या बायकांपासूनच सगळ्यात जास्त लपते. म्हणून ती उपचाराला उशिरा येते.

आज एकच मुद्दा घेऊन बोलतो. दारू सोडवणं हे दवाखान्याचं काम आणि तुटलेलं नातं सावरणं हे घराचं काम. घरोघरी याच्या उलट चालतं. शपथ घालणं, माळ घालणं, खोलीत कोंडणं असे दारू सोडवायचे उद्योग घरात होतात, आणि ‘तिला सुधारून द्या’ म्हणत नातं मात्र डॉक्टरांच्या गळ्यात घातलं जातं.

आधी ओळखायचं कसं ते सांगतो. बाई गुत्त्यावर जात नाही. कुणीतरी आणून देतं, पुष्कळदा तिचंच लेकरू. ती स्टीलच्या पेल्यात किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून एकटी पिते, आणि मिशरी किंवा लवंगेनं वास दाबते. सुरुवात वेगवेगळी असते. कुणाला बाळंतपणात ऊब यावी म्हणून ब्रँडीचा चमचा मिळालेला असतो. कुणी ऊसतोडीच्या फडावर मोळ्या वाहून मोडलेल्या पाठीवर उतारा म्हणून घेतलेली असते. कुणी नवऱ्यानं बाहेर पडून राहू नये म्हणून त्याच्यासोबत घरात बसू लागते. नांदेडच्या तेलंगण सीमेवरच्या गावांत ‘शिंदीच तर आहे’ असं म्हणतात. त्या शिंदीत झोपेच्या औषधांची भेसळ असू शकते. शेजारच्या तेलंगणात अल्प्राझोलम आणि क्लोरल हायड्रेटची अशी भेसळ वारंवार उघडकीला आली आहे. अशी शिंदी एकदम बंद झाली तर दारू आणि गोळी या दोन्हींची सवय एकाच वेळी तुटते.

आता थोडा हिशेब. व्हिस्की किंवा रमची एक क्वार्टर म्हणजे 180 मिलीलिटर. तिच्यात साधारण 42.8 टक्के मद्यार्क, म्हणजे सुमारे 60 ग्रॅम निव्वळ अल्कोहोल. शरीर तासाला ढोबळमानानं सात ते दहा ग्रॅम जिरवतं. रात्री दहाला संपवलेली क्वार्टर पहाटेपर्यंत रक्तात असते, आणि ती उतरते तेव्हा रोज पिणारीचे हात थरथरू लागतात. सकाळी चुलीपुढं कपातला चहा सांडणं, कोरड्या ओकाऱ्या, आणि एक घोट घेतला की हात स्थिर होणं, ही सवयीच्या पुढची पायरी आहे. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं, त्यामुळं तेवढ्याच दारूनं तिच्या रक्तातली पातळी जास्त चढते आणि यकृतही लवकर बिघडतं. ‘तिचा नवरा तर तिच्या दुप्पट पितो’ या बोलण्यात म्हणून काही अर्थ नाही.

डॉक्टर चार प्रश्न विचारतात. कमी करावं असं कधी वाटलं का? कुणी बोललं की राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का? दोनांना ‘हो’ आलं तर नीट तपासणी हवी. शेवटच्या एकट्या प्रश्नाला ‘हो’ आलं तरी मी थांबू नका म्हणेन.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट, त्यामुळं जरा सावकाश सांगतो. रोज भरपूर पिणारीची दारू घरात एकदम बंद करू नका. बाटली मोरीत ओतली आणि बाहेरून कडी लावली तर पुढं काय होतं ते पाहा. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते आठ तासांत कापरं, घाम, छातीत धडधड. पहिल्या दोन दिवसांत कधीही फिटचा, म्हणजे आकडीचा, झटका येऊ शकतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली सासू हाका मारते, माणसं ओळखू येत नाहीत, अंग तापतं. आणि हाच तो दिवस असतो जेव्हा घरचे म्हणतात, ‘माळ घातली म्हणून बाहेरचं चवताळलंय.’ बाईला जीपमध्ये घालून दवाखान्याऐवजी उतारा काढायला नेलं जातं. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. माळ घालायची तर जरूर घाला, पण दवाखान्यातून घरी आल्यावर.

झटका आला तर तिला कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, घड्याळ बघा आणि 108 ला फोन लावा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.

दुसरी चूक गावातल्या दवाखान्यात होते. बाई गळालेली दिसते, जेवलेली नसते, घरचेच म्हणतात, ‘डॉक्टर, एक ग्लुकोजचं सलाईन लावा.’ वर्षानुवर्षं पिणाऱ्या शरीरात बी-वन जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, जवळजवळ संपलेलं असतं. साखर जाळायला हेच जीवनसत्त्व लागतं. ते न देता साखर ओतली तर उरलंसुरलंही खर्च होतं आणि मेंदूला इजा होते. नजर अडखळते, चाल लटपटते, आणि पुढं स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. तेव्हा सलाईन लावण्याआधी नम्रपणे विचारा, ‘बी-वनचं इंजेक्शन दिलंत का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही.

न्यायचं कुठं? छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेड इथली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, यांत मानसोपचार विभाग आहेत. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात चौकशी करा. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाईन 14446 आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी ‘निशिगंध’ नावाचा स्वतंत्र विभाग आहे. खासगी केंद्र निवडताना तीन गोष्टी डोळ्यांनी पाहा: बायकांची वेगळी राहायची सोय, रात्री महिला कर्मचारी, आणि रोज येणारा डॉक्टर. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनातून आलेले मानसिक आजारही येतात, आणि रुग्णाला साखळीनं बांधायला या कायद्यानं बंदी आहे. ‘आम्ही घरातून उचलून नेतो’ असं सांगणाऱ्या केंद्रापासून लांब राहा.

केसपेपर काढताना चार गोष्टी चिठ्ठीवर लिहून न्या. शेवटचं कधी घेतलं, रोज किती क्वार्टर, आधी कधी झटका आला का, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्या पट्ट्यांसकट. दिवस गेलेले असतील किंवा अंगावर पाजत असेल तर ते सगळ्यात आधी सांगा. झटक्यापासून वाचवणाऱ्या गोळ्या पहिल्या दिवशी जास्त देऊन पाच ते दहा दिवसांत उतरवत बंद करतात. उरलेली पट्टी घरी आणून ‘झोपेसाठी’ चालू ठेवली तर त्या गोळीचंच व्यसन लागतं.

आणि भिंतींवर रंगवलेल्या त्या जाहिराती: ‘न कळत दारू सोडवा’. जेवणात कालवायच्या पुडीत डायसल्फिरामसारखं औषध असू शकतं. ते पोटात असताना दारू गेली की चेहरा लाल होतो, रक्तदाब कोसळतो, छाती दुखते. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण बाईला सांगून आणि तिच्या संमतीनं. चोरून दिलं आणि ती दगावली, तर पुडी कालवणारा हात घरातलाच असतो.

तिच्याशी बोलायचं कसं, हा प्रश्न बहुतेक मुली विचारतात. बोलायची वेळ सकाळची, चढलेली नसताना. माणूस एकच, आणि तो सासू किंवा नवरा नसला तर बरं. मावशी किंवा थोरली मुलगी चालेल. जे दिसलं तेवढंच सांगायचं. ‘तू आमची अब्रू घालवलीस’ म्हटलं की दार बंद. ‘माय, सकाळी तुझे हात लई थरथरायलेत, उद्या तपासून येऊ’ यावर भांडता येत नाही. पहिल्यांदा ती नाहीच म्हणेल. आठवड्यानं पुन्हा विचारायचं, त्याच आवाजात.

आता घराचं काम. बाई दवाखान्यातून घरी येते तेव्हा घर तिच्याशिवाय चालायला शिकलेलं असतं. थोरल्या मुलीनं शाळा अर्धवट सोडून भाकरी थापायला घेतलेल्या असतात. डब्याडुब्यांची जागा बदललेली असते. पेटीची किल्ली सासूच्या कमरेला, बँकेचं कार्ड नवऱ्याच्या खिशात. ती पाहुणीसारखी भिंतीला टेकून बसते, आणि दारू न पिताही तिची इथं काही गरज उरलेली नसते. पुन्हा पिण्याला याहून सोयीची जागा नाही.

म्हणून कामं परत द्यायची, पण पायरीपायरीनं. पहिले पंधरा दिवस एका वेळचा स्वयंपाक पूर्ण तिचा, त्यात मुलीनं मीठसुद्धा टाकायचं नाही. झोप अजून धड लागत नसते, चिडचिड असते, तेव्हा याहून जास्त ओझं नको. मग आठवडी बाजार, हातात दोनशे रुपये, आणि परत आल्यावर हिशेब वहीत तिनं स्वतः लिहायचा. तोंडी उलटतपासणी नको. महिना-दीड महिना नीट गेला की बचत गटाचा हप्ता तिनं भरायचा. किल्ली सगळ्यात शेवटी, पण द्यायची नक्की. रोज चारचौघांत तिचं तोंड हुंगणं बंद. शंका असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी सकाळी एका ठरलेल्या माणसासमोर घ्यायची, एवढा एकच करार पुरे.

सगळ्यात अवघड गाठ मुलीची असते. आई सुधारली म्हणून सगळे आनंदात, आणि ही मात्र फणकारत भांडी आपटते. तिनं दोन-तीन वर्षं आईचं काम केलेलं असतं, ते कुणी मोजलेलं नसतं, आणि आता तिनं मुकाट्यानं बाजूला व्हावं अशी अपेक्षा असते. तिला राग येऊ द्या. आईनं पहिल्याच आठवड्यात रडून माफी मागू नये, कारण मुलांनी अशा माफ्या नशेतही ऐकलेल्या असतात. शाळेत पालकसभेला वेळेवर जाणं, ठरल्या दिवशी वेणी घालून देणं, हे मुलं मोजतात. आणि मुलीचं नाव पुन्हा शाळेत घालणं हा आईच्या उपचाराचाच भाग समजा.

लहान लेकराला खरं सांगा: आईला आजार आहे, तो तुझ्यामुळं झाला नाही, आणि तो बरा करणं तुझं काम नाही. बाटली आणायला त्याला कुणीच पाठवायचं नाही, बापानंही नाही. बाप घरात पीत असेल तर दोघांचे उपचार एकदम सुरू व्हायला हवेत, नाहीतर तिचा टिकाव लागत नाही. मारहाण होत असेल तर महिलांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 हे नंबर आहेत. माहेरी नेऊन सोडणं हा उपचार नाही, ती फक्त जागा बदलते.

आणखी एक काम आजच करा. घरातली फवारणीची औषधं आणि तणनाशकं कुलपात ठेवा, किल्ली तिच्यापासून लांब. दारूसोबत उदासी पुष्कळदा असते, आणि दारू सुटल्यावरच्या पहिल्या आठवड्यांत ती उघडी पडते. ‘माझं काय राहिलंय आता’ असं बोलली तर हसून टाळू नका. सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं तसं मनात भरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं न सोडता त्याच दिवशी दवाखाना.

पहिल्या तीन महिन्यांत पाय घसरणं फार होतं. लग्नसराई, मजुरी मिळायचा दिवस, दिवेलागणीची रिकामी वेळ, उपाशी पोट. सहाच्या सुमारास तिला खायला द्या आणि हाताला काम द्या. दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, त्याची सभा जवळ असेल तर जावं. बायकांना पुरुषांनी भरलेल्या खोलीत अवघडायला होतं, तेव्हा सोबत कुणी बाई न्या. घरच्यांसाठी तसाच अल-अ‍ॅनॉन हा गट आहे.

घसरलीच, तर आधी विचारा किती दिवस झाले. एकदाच घेतली असेल तर त्या रात्री भांडण नको, सकाळी डॉक्टरांना फोन, गोळी डॉक्टर सांगतील तशीच. सलग बरेच दिवस रोज पीत असेल तर पुन्हा घरात एकदम बंद करू नका. जुना केसपेपर आणि औषधांच्या पट्ट्या पिशवीत घाला आणि पहिल्या एसटीनं तिला दवाखान्यात न्या.