चुकचुकीवर काय येतं?

नमस्कार श्रोतेहो. मागच्या आठवड्यात मंडईत एक तरुण आई भेटली. कडेवर दोन वर्षांचा मुलगा, आणि त्याच्या तोंडात चोखणी. मला म्हणाली, "बाई, सोडतच नाही हो हा. एकदा रेडिओवर सांगा ना काहीतरी." म्हणून आजचा विषय चोखणी. काही घरांत तिला निपल म्हणतात. आमच्या नातीनं तिला नाव ठेवलं होतं चुकचुकी.

आधी कामाचं सांगून टाकते. नातीची गोष्ट सुरू झाली की मला घड्याळ दिसत नाही.

चोखणीला सरसकट शिव्या घालू नका. अंगावरचं दूध नीट बसलं, म्हणजे साधारण महिना झाला, की पहिल्या वर्षात झोपताना ती दिली तर चालते. झोपेत बाळ अचानक दगावण्याचा धोका त्यानं कमी होतो, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात. पण भुकेल्या बाळाला चोखणी देऊन गप्प करायचं नाही. भुकेल्याला दूधच.

सहा महिन्यांनंतर मात्र हात आखडता घ्यायचा. सारखं चोखत राहिलं की घशातले जंतू कानाकडे जाणाऱ्या नळीत शिरायला वाव मिळतो, आणि कान ठणकायला लागतो. म्हणून वर्षाच्या आसपास चोखणी फक्त झोपेपुरती. आणि तिसरा वाढदिवस यायच्या आत पूर्ण बंद, नाहीतर वरचे दात पुढे येतात, वरच्या-खालच्या दातांत फट राहते. वेळेत सुटली तर ही फट बहुतेक वेळा आपोआप भरून येते. परत सांगते, सहा महिन्यांनी कमी, वर्षाला फक्त झोपेपुरती, तिसऱ्याच्या आत बंद.

आणि मध लावून देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, आजीनं सांगितलं तरी नाही. मी स्वतः आजी आहे, म्हणून सांगते. दोऱ्यानं गळ्यात बांधू नका, फास बसतो. टोक कापून देऊ नका, तुकडा घशात जातो. मिरची, कारलं असलं काही चोपडू नका. लेकरानं काय गुन्हा केलाय?

हं. आता आमची नात.

सव्वादोन वर्षांची होती. एक चुकचुकी तोंडात, एक हातात. आम्ही एक लपवली की कुठून तरी दुसरी निघायची. अशात एका दुपारी दारावर बोहारीण आली. डोक्यावर पाटी, पाठीला गाठोडं. हल्ली शहरात बोहारीण दिसत नाही, कारण सोसायटीचा रखवालदार तिला फाटकातूनच परत पाठवतो आणि वस्तू आणून देणाऱ्या पोरांना मात्र थेट लिफ्टनं वर सोडतो. असो. आमचं साताऱ्याचं जुनं घर, दार उघडं. मी दोन टेरिकॉटच्या पँटी आणि एक जरीची साडी काढली, आणि आमची घासाघीस सुरू झाली. मी पातेलं मागतेय, ती चाळणीच्या वर चढेना.

नात शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. आणि एकदम तिनं तोंडातली चुकचुकी काढली, बोहारणीपुढे धरली आणि विचारलं, "यावर काय येतं?"

मी हसणार होते. पण बोहारीण हसली नाही. तिनं ती हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली, रबर ताणून बघितलं, आणि म्हणाली, "एकावर काय येतंय व्हय? अजून असतील त्या आण जा."

पोरगी पळाली. पलंगाखालून एक आणली. शिवणयंत्राच्या खणातून एक. बापाच्या बुटातून एक! चार झाल्या. बोहारणीनं त्या गाठोड्यात टाकल्या आणि पाटीच्या तळातून एक इवलीशी स्टीलची वाटी काढून तिच्या हातात ठेवली. व्यवहार पूर्ण. मला मात्र चाळणीच मिळाली.

रात्री व्हायचं ते झालंच. "चुकचुकी कुठंय?" आम्ही सांगितलं, "तू विकलीस ना, वाटी घेतलीस ना." तिला ते पटत होतं, पण रडू आवरत नव्हतं. आता एक कबूल करते. रव्याच्या डब्यात मी एक चुकचुकी लपवून ठेवली होती, अडीअडचणीला म्हणून. रात्री एक वाजता मला ते रडणं ऐकवेना. अंधारात स्वयंपाकघरात गेले, तर डब्यापाशी सूनबाई आधीच उभी, कोपरापर्यंत हात रव्यात! आम्ही दोघी एकमेकींकडे बघतोय, आणि तेवढ्यात आतलं रडणं थांबलं. मुलगा तिची पाठ थोपटत होता आणि ती वाटी छातीशी धरून झोपली होती. आम्ही डबा बंद केला आणि चहा टाकला.

दुसऱ्या रात्री अर्धा तास रडली. तिसऱ्या रात्री नुसती कुरकुर. चौथ्या दिवशी विषय संपला. तुमच्याकडेही तीन-चार रात्री अशाच जातील, तेव्हा डबा उघडू नका. आणि हे काम मूल आजारी असताना, घर बदलताना, धाकटं भावंड आल्या आल्या काढू नका.

महिन्याभरानं बोहारीण परत आली. आरोळी ऐकल्याबरोबर नातीनं वाटी फ्रॉकखाली लपवली आणि दारातूनच ओरडली, "माझ्याकडे काही नाहीये!" तिला वाटलं, व्यवहार उलटा होणार.

मी हळूच रव्याच्या डब्यातली ती शेवटची चुकचुकी आणून बोहारणीपुढे धरली. तिनं ती बघितली, फुंकर मारून रवा उडवला आणि मला परत दिली.

"एकावर काय येत नाही, आजी."