पुढचं चाक एक इंच बाहेर
(सांगलीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रांनो, क्वाडची, म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल असलेल्या चारचाकी गाडीची, पुढची चाकं बाहेर काढावीत हे पहिल्यांदा सुचतं ते वळणावर. आतलं चाक जमीन सोडतं, पोटात गोळा येतो आणि वाटतं, गाडी जरा रुंद असती तर! वाटणं चुकीचं नाही. प्रश्न आहे तो रुंदी कुठून आणायची, याचा.

टेबलावरची ही दोन रिम्स बघा. दोन्ही 10 इंच व्यासाची, 5 इंच रुंद. एक 4+1, म्हणजे हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) टेकणाऱ्या बाजूपासून 4 इंच आत, 1 इंच बाहेर. दुसरं 3+2. टायर तोच, नटही तेच, पण चाक इंचभर बाहेर. दोन्हीकडचे मिळून 2 इंच, म्हणजे जवळजवळ 50 मिलिमीटर. मात्र मागवण्याआधी स्टडचं, म्हणजे हबवरच्या ज्या आट्यांच्या खुंट्यांवर चाक नटांनी आवळतात त्यांचं, वर्तुळ मोजा, व्यास बघा: यामाहाच्या वायएफझेड 450ला पुढे 156 मिलिमीटर, होंडाच्या टीआरएक्स 450आरला 144.

मी रिम घेतलं नाही. लेथवर 25 मिलिमीटरचे ॲल्युमिनियमचे स्पेसर, म्हणजे हब आणि रिमच्या मध्ये बसणाऱ्या जाड चकत्या, काढले आणि मूळ स्टडवरच चढवले. मळीच्या सपाट रानात गाडी अशी बसली की मी हरखून गेलो. मग उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोरीत शिरलो. वाळलेल्या ढेकळावर डावं चाक आदळलं आणि हँडल हातातून हिसकलं गेलं. क्वाडचं थ्रॉटल उजव्या अंगठ्याखाली असतं. तो अंगठा महिनाभर सुजलेला होता.

असं का झालं? वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधून, म्हणजे चाक ज्यांवर वळतं त्या गोल सांध्यांमधून, एक रेघ जमिनीपर्यंत ओढा. ती टेकते तिथून टायरच्या मधोमधापर्यंत जे अंतर, तीच दगडाच्या हातातली तरफ. दार बिजागरीजवळ ढकललं तर हलत नाही, कडीजवळ बोटानं उघडतं. आपण चाक बाहेर सरकवतो तेव्हा खड्ड्याच्या हातात कडी देतो. बॉल जॉइंट आणि हबचे बेअरिंग हा भार रोज सोसतात, फक्त बोलत नाहीत. स्पेसर लावा किंवा 3+2 रिम, ही तरफ सारखीच वाढते.

म्हणून रुंदी हवी असेल तर लांब ए-आर्म्स (चाक सांगाड्याला जोडणारे ए आकाराचे दांडे) लावा, असं मी आग्रहानं सांगतो. त्यात बॉल जॉइंटही चाकाबरोबर बाहेर जातो, ती तरफ वाढत नाही. खर्च मोठा आहे: टाय-रॉड (हँडलचं वळण चाकापर्यंत नेणारे दांडे) लांब लागतात, टो (दोन्ही चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली ते) पुन्हा लावावा लागतो, आणि शॉकवर जोर वाढल्यानं स्प्रिंग कडक घ्यावी लागते. पैसे नसतील तर थांबा, पण स्पेसरकडे वळू नका.

हवेचंही सांगतो. या टायरांना 4-5 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) पुरते. पेट्रोल पंपावरचा गेज 30च्या आसपास वाचायला केलेला. त्यावर विसंबलात तर टायर चेंडूसारखा उसळेल. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या.

आता हा स्टड हातोहात फिरवा. 10 मिलिमीटर जाडीचा. नटात निदान तेवढ्याच लांबीचे आटे बसायला हवे होते. माझ्या स्पेसरनं चारच मिलिमीटर उरले होते. तुटलेल्या टोकावर बोट फिरवून बघा. अर्धा भाग गुळगुळीत, काळपट आहे: तिथली चीर मी गाडी चालवत असतानाच, रोज थोडी थोडी, पुढे सरकत होती.