निरवानिरव

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या धाकट्या भावानं त्याची बॅट शेजारच्या पोराला देऊन टाकली. तो आठवीत असताना आबांनी कापसाच्या पैशातून घेतलेली बॅट. मुठीवरची निळी ग्रिप त्यानं स्वतः बदललेली, खालच्या कडेला पांढरी चिकटपट्टी. त्या बॅटीला कुणाला हात लावू द्यायचा नाही. आई कौतुकानं म्हणाली, "लातूरला राहून किती शहाणा झालाय गं माझा सोन्या."

त्यानंतर दोन महिन्यांत त्यानं आत्महत्या केली. सतरा वर्षांचा होता, बारावीला, नीटची तयारी करत होता. हा शब्द तोंडातून काढायला आमच्या घराला तीन वर्षं लागली. तोवर "झटका आला" असंच सांगायचो.

लोक कारण विचारतात. टेस्टचे मार्क घसरले होते, खरंय. पण मार्क तर कितीतरी मुलांचे घसरतात. एका कारणावर बोट ठेवता येत नाही, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनीही समजावलं. झोप उडाली होती, मेसचा डबा अर्धा परत जायचा, मित्रांत बसणं थांबलं होतं. हे सगळं रूममधल्या मुलांकडून नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. आम्ही रोज फोन करत होतो. "किती चॅप्टर झाले?" एवढंच विचारत होतो. जिवापाड जपलेली वस्तू वाटून टाकणं, "आता तुम्हाला माझा त्रास नाही" असं बोलणं, ही निरवानिरव असते. आम्ही तिला शहाणपण समजलो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले 1,764 आपल्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. त्या प्रत्येक घरात अशी एखादी बॅट असेल.

म्हणून आईवडिलांनो, मावश्यांनो, रूमवरच्या मित्रांनो, शंका आली तर सरळ विचारा: "बाळा, जगणं नकोसं वाटतंय का? मरणाचे विचार येतात का?" विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट पोराच्या छातीवरचा दगड जरा हलतो. उत्तर "हो" आलं तर रागावू नका, रडून शपथा घालू नका. ऐकून घ्या, त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. पोलिसांच्या भीतीनं लपवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखालचा माणूस मानलंय. त्याला शिक्षा करायची नाही, त्याच्यावर उपचार करायचे, असं तो कायदा सांगतो.

आणि रूमवर एकटं बसून हे ऐकणाऱ्या माझ्या भावा-बहिणींनो, आत्ता सहन होत नसेल तर कुणाला तरी उठवा, रात्र असली तरी. किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लावा: 14416. पुन्हा सांगते, एक, चार, चार, एक, सहा. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास सुरू असते, मराठीत बोलता येतं. "माझं एवढं काही गंभीर नाही," असं म्हणून थांबू नका.

आमच्या चुलत्यांचा मुलगा यंदा लातूरलाच आहे. आई त्याला रोज फोन करते. टेस्टचं विचारत नाही. मेसला आज भाजी कुठली होती, एवढं विचारते आणि गप्प बसते, तो बोलेपर्यंत. मागच्या महिन्यात बराच वेळ तो भेंडीबद्दल, पंख्याच्या आवाजाबद्दल बोलला. मग म्हणाला, "काकू, मला पंधरा दिवस झाले झोप येत नाही."

आबा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं लातूरला गेले.