कचरा कमी झाला तर तोटा कुणाचा?

नमस्कार श्रोतेहो. आज कचऱ्यावर बोलायचंय, पण ओला वेगळा सुका वेगळा हे नाही, ते तुम्ही हजारदा ऐकलंय. आज बघू की नगरपालिका किंवा महापालिका पुढच्या दहा-वीस वर्षांचा कचऱ्याचा प्लॅन करते तेव्हा मेख नेमकी कुठे असते.

प्लॅनच्या पहिल्या पानावर सगळीकडे साधारण एकच लिहिलेलं असतं, आधी कचरा कमी करणार, मग पुन्हा वापर, मग रिसायकलिंग, आणि शेवटी उरलंसुरलं डेपोवर. वाचायला छान वाटतं. पण बऱ्याच ठिकाणी कचरा उचलणाऱ्याला पैसे टनावर मिळतात, म्हणजे गाडीत जितकं वजन जास्त तितकं बिल मोठं, मग कचरा कमी व्हावा असं त्या कॉन्ट्रॅक्टरला का वाटावं? त्याची चूक नाही हो, टेंडरच तसं आहे. कचरा जाळून वीज करणाऱ्या प्लांटचं तर याहून अवघड, त्यात भांडवल प्रचंड लागतं म्हणून कंपनी वीस-पंचवीस वर्षांचा करार मागते आणि रोज अमुक इतके टन द्यायचेच अशी अट घालून घेते, कमी दिले तरी पैसे भरा. आता त्या शहराने लोकांना समजावून, कंपोस्ट करून, खरंच कचरा घटवला तर भुर्दंड पालिकेलाच.

दुसरी मेख मोजण्याची. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने 1989 मध्ये कायदा केला की प्रत्येक शहराने आणि काउंटीने, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाने, कचरा घटवण्याचा आणि रिसायकलिंगचा स्वतःचा आराखडा करायचा, 1995 पर्यंत 25 टक्के आणि 2000 पर्यंत 50 टक्के कचरा डेपोवर जाण्यापासून वाचवायचा, आणि आराखडा राबवला नाही तर दिवसाला 10 हजार डॉलरपर्यंत दंड. कडक काम. पण टक्का काढायचा तर मुळात एकूण कचरा किती झाला ते कळायला पाहिजे ना, आणि डेपोच्या काट्यावर फक्त तिथे पोचलेला कचरा दिसतो, बाकीचा अंदाज. मग त्या अंदाजावर किचकट आकडेमोड, आणि वर्षानुवर्षं तेच. शेवटी 2008 मध्ये कायदा बदलून त्यांनी प्रश्नच सोपा केला, माणशी डेपोवर किती गेलं तेवढं बघायचं. मला हे फार पटतं, कारण टक्का फसवतो. समजा आधी 100 टन व्हायचा तो सगळा डेपोवर, आता 200 टन होतो आणि निम्मा रिसायकल होतो, म्हणजे कागदावर 50 टक्के यश, बॅनर लागले, सत्कार झाला, आणि डेपोवर मात्र तेच 100 टन.

आणि मोजायचं म्हणजे नुसतं वजन नाही, आत काय आहे तेपण. वेगवेगळ्या भागातल्या गाड्या निवडायच्या, ताडपत्रीवर रिकाम्या करायच्या, हाताने वेगळं करून वजन घ्यायचं, आणि हे वेगवेगळ्या सीझनमध्ये पुन्हा करायचं. घाण काम आहे, त्यामुळे दुसऱ्या कुठल्यातरी शहराचे आकडे उचलून चिकटवले जातात. इटलीतल्या कापान्नोरी गावाने 2007 मध्ये झिरो वेस्टचं, म्हणजे डेपोवर जाणारा कचरा शून्याकडे न्यायचं धोरण घेतलं, युरोपात पहिलंच म्हणतात, आणि तिथे रिसायकलिंगनंतर डब्यात जे उरतं तेच उपसून बघितलं तर कॉफीच्या कॅप्सूल, म्हणजे मशीनमध्ये टाकायच्या एका कपाच्या छोट्या डब्या, बऱ्याच निघाल्या. मग लोकांना उपदेश न करता त्यांनी कॉफीच्या कंपन्यांशीच बोलणं सुरू केलं. उपसलंच नसतं तर हे सुचलं असतं का?

जगभरच्या कचऱ्यात साधारण 44 टक्के अन्न आणि झाडपाला असतो असा वर्ल्ड बँकेचा 2018 चा अंदाज आहे. हाच डेपोत दबला की हवेशिवाय सडून मिथेन हा पृथ्वी तापवणारा वायू करतो, म्हणजे प्लॅनचा सगळ्यात मोठा भाग इथे पाहिजे. पण कंपोस्ट प्लांट बांधतात आणि खत कोण घेणार हे ठरवत नाहीत. रिसायकलिंगचंही तेच, चीनने 2018 पासून बाहेरचं टाकाऊ प्लास्टिक आणि न निवडलेला कागद घेणं बंद केलं तेव्हा कितीतरी श्रीमंत देशांतल्या शहरांकडे निवडलेला माल पडून राहिला, घेणाराच नाही. आणि हो, कचरा वेचणारी माणसं आधीपासून जो माल बाजूला काढतात तो बऱ्याच प्लॅनमध्ये धरलेलाच नसतो, उलट सगळा कचरा एकाच कंपनीच्या हक्काचा केला की तीच माणसं बाहेर.

लोकांच्या खिशाशी जोडायचं तर दक्षिण कोरिया बघा. 1995 पासून तिथे उरलेला कचरा सरकारी पिशवीतच टाकायचा, पिशवी विकत घ्यायची, रिसायकलचा माल टाकणं मात्र फुकट. टाकाल तेवढं भरा. यात चोरून कुठेतरी टाकणारे निघतातच, त्यामुळे लक्ष ठेवायचा खर्चही बजेटमध्ये धरावा लागतो, तो धरला नाही तर स्कीम वर्षभरात बोंबलते.

तर तुमच्याकडे असा मसुदा हरकतींसाठी आला की सुरुवातीची फोटोची पानं सोडा, मागची परिशिष्टं काढा. पेमेंट टनावर आहे की घरांच्या संख्येवर, किमान टनाची अट आहे का, माणशी किती किलो कमी करायचे आणि कुठल्या वर्षाच्या तुलनेत, एवढं शोधा, आणि सापडलं नाही तर मुदतीच्या आत तेच लेखी विचारा, आणि अर्जाची पोच घ्या.